सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही

मला राग लवकर येतो. आई म्हणायची, घरात चुलीच्या आधी हीच पेटते. त्या पंधरवड्यात तर मी रोज पेटत होते, आणि कारण होतं फूटभर लांबीची एक पोकळ नळी. बॅटन. रोज ती माझ्या आणि एका मुलाच्या मध्ये पडायची. टण्ण!

आमचा मिश्र रिलेचा संघ होता. दोन मुलगे, दोन मुली. प्रत्येकानं मैदानाची एक फेरी पळायची आणि बॅटन पुढच्याच्या हातात द्यायची. क्रम ठरलेला: मुलगा, मुलगी, मुलगा, मुलगी. शेवटची मी. म्हणजे बॅटन मला तिसऱ्या नंबरच्या मुलाकडून घ्यायची होती, आणि हा बाबा ती माझ्या बोटांना टेकायच्या आधीच सोडून मोकळा!

त्या शर्यतीची गरज चौघांत मलाच जास्त होती. एकटीच्या चारशे मीटरला जिल्ह्यात मी तिसरी आले होते आणि राज्य स्पर्धेला दोघींनाच नेणार होते. पहिली आलेली मुलगी रिले नको म्हणाली, म्हणून मला संघात जागा मिळाली. राज्यात हा संघ पहिल्या दोनांत आला तर म्हैसूरच्या क्रीडा वसतिगृहात माझा नंबर लागणार होता. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तोंडावर सांगितलं होतं, "नंबर लागला तर मी सवता घालवायला येतो. न्हाय लागला तर बी.ए.ला नाव घाल आन् पळणं बंद. अर्धं हितं, अर्धं तितं न्हाय चालायचं."

आप्पा वाईट नव्हते. सकाळी फौंड्रीत पहिली पाळी करायचे आणि दुपारनं बेळगावाबाहेर, हिंडलग्याच्या पलीकडं आमच्या रानात राबायचे. अर्धं इथं, अर्धं तिथं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

तर हा तिसऱ्या नंबरचा मुलगा काकती गावचा. वाऱ्यासारखा पळायचा. एकट्याच्या शर्यतीत पहिला आलेला, त्याची वसतिगृहातली जागा कधीच पक्की झाली होती. मुलांच्या रिलेत त्याच्या हातून बॅटन एकदाही पडली नव्हती. माझ्याच वेळी काय होत होतं कुणास ठाऊक. एक आठवडा मी दात ओठ खाऊन गप्प बसले. मग फुटले.

"काय रं, बॅटन देतोयस का तीर्थ वाटतोयस? धर की घट्ट!"

"धरतो, आक्का."

"आक्का कुणाला म्हणतोस? तीन महिन्यांनी मोठा हाईस तू माझ्याहून!"

"व्हय, आक्का."

आता याच्याशी भांडायचं तरी कसं!

शेवटी आमच्या प्रशिक्षक मॅडमनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा उलगडा झाला. त्याच्या घरचं किराणा दुकान. लहानपणापासून तो गल्ल्यावर बसलेला. वडलांची शिकवण अशी, की बाईमाणसाच्या हातात पुडी द्यायची नाही. फळीवर ठेवायची, तिनं उचलायची. हाताला हात लागता कामा नये. "मी मुद्दाम करत न्हाय, मॅडम. हातच आपोआप सुटतोय," म्हणाला आणि मान खाली घातली. मॅडमनी त्याला दोन दिवस हातमोजे घालून पळवलं. हातमोज्यांतूनही सुटलीच. मी घरी येऊन आईवर चिडले, ताटावर चिडले आणि शेवटी परसात जाऊन रडले.

त्याच रविवारी आमची रताळी काढायची होती आणि माणसं मिळेनात. उकडलेल्या रताळ्यांच्या आशेनं आमचा अख्खा संघ रानात हजर! खुशाल या म्हटलं, राबा आणि खा.

दुपारनंतर टेम्पो भरायला घेतला. ओळ करायची आणि भरलेली बुट्टी, म्हणजे टोपली, हातोहात पुढं द्यायची. या कामात आप्पांचा एक नियम होता. घेणारा "सोड" म्हणेपर्यंत देणाऱ्यानं बुट्टी सोडायची नाही. पूर्वी कुणीतरी घाईनं सोडली होती, तेव्हापासून त्यांच्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं ते काळंच. आणि तिथं मानपान नाही. एरवी घरात आप्पांना आम्ही अहो-जाहो करायचो, पण ओळीत त्यांनाही "सोड"च. आमची दुसऱ्या नंबरची मुलगी बैलहोंगलकडची, कन्नड बोलणारी. तिनं विचारलं, "सोडच्या जागी आमचं बिडू म्हटलं तर चालतंय?" आप्पा म्हणाले, "चालतंय की. बुट्टी पोचल्याशी कारण."

मी टेम्पोवर उभी होते. खाली तो काकतीचा. एक बुट्टी, सोड. दुसरी, सोड. वीसेक बुट्ट्या झाल्या असतील. बुट्टीच्या बुडाखाली त्याची बोटं माझ्या बोटांत अडकत होती, मातीनं दोघांचे हात बरबटले होते, आणि एकही रताळं खाली पडलं नव्हतं. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला.

"अरे, आत्ता हात लागतोय की माझा! मगापासनं लागतोय!"

त्याचे कान लालभडक झाले. बुट्टी मात्र त्यानं सोडली नाही, कारण मी "सोड" म्हटलं नव्हतं. आप्पांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते मागनं वैतागून ओरडले, "लागणारच की हात! वस्तू देताना हात लागंल न्हाय तर काय पाय लागंल? पडली म्हंजे कुनाची लाज ऱ्हाती?"

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर तोच नियम. सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. मॅडम म्हणाल्या, कुठल्याच पुस्तकात असं लिहिलेलं नाही, वेळ जातो. मग स्वतःच म्हणाल्या, पडून जातो त्याच्यापेक्षा कमी जातो.

राज्य स्पर्धेचा दिवस उजाडला. आमचा पहिला मुलगा पाचवा आला, बैलहोंगलच्या मुलीनं संघाला चौथ्यावर आणलं आणि काकतीच्यानं जीव तोडून तिसऱ्यावर. तो आला तेव्हा तोंड उघडं, डोळे पांढरे. मी हात मागं केला, पळायला लागले, बॅटन मुठीत आली. घट्ट आली. आणि माझ्या घशातून शब्दच फुटेना! कोरड पडली होती. तो काही सोडेना. एक पाऊल, दोन पावलं, तीन पावलं, आम्ही दोघं एकच बॅटन धरून पळतोय, पुढं बॅटन द्यायच्या हद्दीची रेघ जवळ येतेय, ती ओलांडली की संघ बाद. बाहेरून बैलहोंगलची किंचाळली, "बिडू! बिडू!" तसा माझा घसा सुटला.

"सोड रं, गाढवा!"

सोडली त्यानं. पुढचं मला फारसं आठवत नाही. शेवटच्या वळणावर एक हिरवा बनियन माझ्या पुढं होता आणि शेवटची रेघ ओलांडताना तो मागं होता, एवढंच. आम्ही दुसरे आलो. काकतीचा आडवा पडला होता, पडल्या पडल्या म्हणाला, "गाढवा म्हटलीस, आक्का." मी त्याला हात देऊन उठवलं, आणि त्यानं तो बिनदिक्कत धरला.

महिन्याभरानं आप्पा शब्दाप्रमाणं मला घालवायला बेळगावच्या बसस्टँडवर आले. फौंड्रीत त्या दिवशी खाडा केला होता. खडेबाजारातनं आणलेल्या नव्या पिशवीत आईनं रताळी कोंबली होती. मी बसमध्ये चढले, दारातून वाकले आणि पिशवीचे बंद धरले. आप्पांनीही धरलेले होते. कंडक्टरनं शिट्टी मारली. मी ओढलं, तर पिशवी येईना. मला वाटलं बंद कुठं अडकलाय. बघते तर आप्पा माझ्याकडं बघत नव्हते. खाली पिशवीकडं बघत, दोन्ही हातांनी घट्ट धरून, ते वाट बघत उभे होते.

इतकी वर्षं तोंडाळ म्हणून गाजलेली मी, पण तो एक शब्द काही बाहेर येईना. बस हलली. आप्पा दोन पावलं बसबरोबर चालले.

"सोड, आप्पा," मी म्हटलं.

त्यांनी सोडली.