काचेआडच्या तीन बाटल्या

प्रयोगशाळेच्या काचेआड ह्यांच्या रक्ताच्या तीन बाटल्या उबदार यंत्रात डुलताहेत. हृदयाच्या झडपेवर बसलेला जंतू त्यांत वाढला, तर त्याचं नाव कळेल, नेमकं औषध देता येईल. आज पाचवा दिवस. काहीच वाढलेलं नाही.

"काकू, रक्त घेण्याआधी अँटिबायोटिक चालू होतं?" तंत्रज्ञाने विचारलं.

मी ह्यांच्या औषधांची वही उघडली. एकही गोळी चुकली नव्हती. प्रत्येकीपुढे वेळ आणि बरोबरची खूण.

"म्हणूनच. औषधाने अर्धमेले झालेले जंतू बाटलीत वाढत नाहीत," तो हळूच म्हणाला.

वॉर्डात ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "तुझ्या वहीला जंतूसुद्धा घाबरले!" हसताना त्यांना धाप लागली.

जन्मभर मी घरातले जंतू पुसत आले. आता पुन्हा काचेपाशी उभी आहे, पाय दुखताहेत, आणि मनात एकच: एक तरी वाढ रे बाबा.