मधे सखल ठेवलेला बांध

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे मी असं काही लिहायला बसणं मलाच जरा आगाऊपणाचं वाटतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

दिल्लीत इतिहासाचं एम.ए. करताना प्रबंधासाठी मी अमेरिकेतल्या महामंदीचा विषय घेतला. तेव्हा तिथल्या सरकारने बेकार तरुणांना छावण्यांत ठेवून झाडं लावायच्या आणि वाहून जाणारी माती अडवायच्या कामाला लावलं होतं. आमचे सर म्हणाले, "आप वहाँ कभी गए नहीं. नया क्या कहोगे?" पहिलं प्रकरण विभागाला पटलं तरच विषय टिकणार होता; नाहीतर शेवटच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मला एक जुना फोटो सापडला. ओघळीत रचलेला दगडी बांध, मधे खचलेला, आणि मागे फावडी घेतलेली हसरी पोरं. त्यावरून मी दोन पानं लिहिली की कामं घाईत उरकली, पोरांना कुणी नीट शिकवलंच नाही. हेच माझं 'नया'. प्रकरण जमा केलं आणि गाझियाबादच्या खोलीवर परतताना मेट्रोतून तो फोटो आईला पाठवला. दुष्काळात तिने रोजगार हमीवर अशीच कामं केली होती. तिला गंमत वाटेल, एवढंच मनात होतं.

लगेच तिचा फोन आला. "कुठला रं हा बांध?"

"अमेरिकेतला. खचलाय बघ मधे."

"खचलेला न्हाई त्यो. मधे सखलच ठेवत्यात, पाणी मधनं जावं म्हणून. मधे उंच केलास तर पाणी कडंनं घुसतं आन् काठ कापून नेतं." मग म्हणाली, "दगड चांगलं बसवल्यात पोरांनी. एवढी पुस्तकं वाचतोस, तुला दिसलं न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात त्या काळची एक सरकारी पुस्तिका शोधली. आकृतीतला बांधही मधे सखलच होता. मी सरांकडे जाऊन प्रकरण परत मागितलं.

"गलती किसने पकड़ी?"

"माँ ने, सर."

"इंजीनियर हैं?"

"नहीं सर. बाँध बनाती थीं."

सर हसले नाहीत. "आठ दिन. और स्रोत ईमानदारी से लिखना."

ती दोन पानं मी फाडली. रोज फोनवर आईला विचारत गेलो: पाया किती खणायचा, मोठा दगड कुठे, बारका कुठे. पोरांना शिकवलं होतं, हे आता फोटोतल्या दगडांवरूनच दाखवता येत होतं. तळटीपेत लिहिलं, 'माझ्या आईशी झालेलं बोलणं'. खोलीतला मित्र म्हणाला, "यार, काढ ते. हसतील." मला भीती वाटत होती, पण काढलं नाही.

प्रकरण पुन्हा जमा केल्यावर तीन आठवडे काहीच कळलं नाही. मग सरोजिनी नगरात स्वेटर बघत असताना सरांचा मेसेज आला: "विषय मंज़ूर. फुटनोट में 'माँ' नहीं चलेगा. उनका पूरा नाम लिखो."