विषय क्रमांक सात

करीम शेख मला पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत, आणि हे मी कधी लपवलंही नाही. गुलटेकडीच्या आमच्या सोसायटीत ते राहायला आले तेव्हा टेम्पोतून पलंग-कपाटाच्या आधी काचेची एक मोठी पेटी उतरली. आत शेपटीसकट दोन हात लांबीचा, काटेरी पाठीचा हिरवा सरडा.

"घोरपड पाळणं गुन्हा आहे," सोसायटीची सचिव या नात्याने मी जिन्यातच बजावलं.

"घोरपड नाही मॅडम, इग्वाना. कागद आहेत. पाला खातो. तुमच्यासारखाच शाकाहारी."

तुमच्यासारखाच! कॉलेजच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढलेल्या बाईशी असं बोलायची प्राचार्यांचीही टाप नव्हती.

शेख खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. मूलबाळ नाही, बायको जुबेदा क्वार्टरमध्येच वारली. बदली झालेल्या कुणा साहेबाला नकोसं झालेलं हे जनावर तिनेच घरी आणलं होतं म्हणे. दिवसभर एका जागी बसून सगळ्यांवर नजर ठेवायची आणि काम काही करायचं नाही, म्हणून त्याचं नाव 'सुपरवायझर'.

माणूस तुसडा. मी दिवाळीत फराळाचा डबा दिला, तो धुऊन परत आला आणि सोबत एकच वाक्य, "चकली कडक होती." त्या सरड्याची मात्र सरबराई जावयासारखी. पहाटे मार्केट यार्डात जाऊन शेवग्याचा पाला आणायचा, निवडून बारीक चिरायचा, दुधी किसायचा. कोमट पाण्याच्या टबात अंघोळ. नखं कापायची. मी मुद्दाम बघायला जात नव्हते. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्याकडे उघडते, त्याला मी काय करणार?

नोव्हेंबरच्या शेवटी ते माझ्या दारात उभे राहिले. "गच्चीची किल्ली पाहिजे. रोज एक तास."

क्वार्टरला अंगण होतं, तिथे सुपरवायझर तासन्‌तास उन्हात पडायचा. इथला फ्लॅट उत्तरेचा, ऊन फिरकतच नाही. पेटीत खास दिवा होता, पण नुसत्या दिव्यावर भागत नव्हतं. थेट ऊन मिळालं नाही तर हाडं मऊ पडतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मागचे पाय थरथरायला लागलेच होते.

"गच्चीवर कुरडया वाळत असतात," मी म्हटलं.

"नोव्हेंबरात?"

मला झोंबलं. "लेखी अर्ज द्या. सभेपुढे ठेवीन."

अर्ध्या तासात अर्ज आला. महिन्याची सभा आदल्याच दिवशी झाली होती, म्हणजे पुढची डिसेंबरअखेर. किल्ली माझ्या दारामागच्या खिळ्याला होती. टाकी धुणाऱ्याला मी ती कुणाला न विचारता देते. शेखना दिली नाही, कारण त्यांनी एकदा तरी मान खाली घालून मागावी असं मला वाटत होतं. त्यांनी घातली नाही.

मग ते सुपरवायझरला टॉवेलात गुंडाळून खाली पार्किंगमध्ये बसू लागले. फाटकापाशी जेमतेम वीस मिनिटं ऊन यायचं. आमचे अध्यक्ष श्रीनिवासराव यांचा मला फोन. "आज हे आणलंय, उद्या बकरा आणून बांधतील. ही माणसं अशीच." मी "हं" म्हटलं. त्या 'हं'ची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली, की पार्किंगमध्ये प्राणी घेऊन बसू नये. अक्षर माझं.

डिसेंबरच्या सभेत विषय क्रमांक सात म्हणजे शेख यांचा अर्ज. ते शेवटच्या खुर्चीवरून उठले.

"अर्ज मागे घेतो. गुरुवारी गेला."

कुणी "अरेरे" म्हणालं, कुणी घड्याळ बघितलं. मी इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं, 'अर्जदाराने अर्ज मागे घेतल्याने विषय निकाली.' वही सह्यांसाठी फिरली. शेख यांनी ती वाचली आणि सही न करता माझ्यासमोर आणून ठेवली.

"कारण लिहा, मॅडम."

"तशी पद्धत नाही."

"मी अर्जात कारण दिलं होतं. तुम्हीही द्या."

"अहो करीमभाई, एका सरड्यासाठी कशाला एवढं..." श्रीनिवासराव म्हणाले.

"सरडा गेला. मी वहीबद्दल बोलतोय."

आवाज जराही चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. कागदावर आपण कधी खोटं लिहिलं नाही, याचा मला भारी तोरा. मी वही परत पुढ्यात ओढली. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी लिहिलं, 'सचिवांनी गच्चीची किल्ली न दिल्यामुळे प्राण्यास ऊन मिळाले नाही. प्राणी दगावला.'

शेख यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं, सही केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

दार लागल्याबरोबर श्रीनिवासराव पुढे सरकले. "पद्मजाताई, ते पान फाडा. आपण नवीन लिहू."

"हात लावून बघा," मी म्हटलं, आणि वही छातीशी धरून घरी आले.