नीताची पाउतीना

लग्नाआधी नीतानं पुण्यात रशियन भाषेचा डिप्लोमा केला होता. मग संजीवच्या गॅस कंपनीतल्या नोकरीपायी ती दोह्याला, मदिनत खलीफात आली आणि अठरा वर्षं डबे भरण्यात गेली. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण या गोष्टीचा सल तिच्या मनात होता.

मुलगा मिहीर कॉलेजला गेला त्याच वर्षी दोह्यातल्याच नजमा भागातल्या एका छोट्या भाषावर्गानं तिला रशियन शिकवायला बोलावलं. वीस मिनिटं शिकवून दाखवा, पसंत पडलं तर नोकरी. नीतानं एकच शब्द निवडला: पाउतीना, म्हणजे कोळ्याचं जाळं, कोळिष्टक. व्याकरणाची तिला धास्ती नव्हती. तो पाऊक म्हणजे कोळी, ती पाउतीना. इंग्रजीवाले लिंगांना बिचकतात. मराठी माणूस बोलायला लागल्यापासून तीन-तीन सांभाळतो. शेवटी हुकमाचा एक्का होताच: 'तीना' म्हणजे आपला संस्कृत तंतू. पुण्यातल्या सरांनीच सांगितलं होतं. कुठलाही शब्द दिसला की ओढून संस्कृतात नेऊन बसवायची आपली खोड, नीता तरी तिला अपवाद कशी असणार?

आदल्या दुपारी तिनं सहज व्युत्पत्तिकोश उघडला आणि तिचं तोंडच उतरलं. तंतूचा पत्ता नव्हता. जुना शब्द पाउचीना, सरळ कोळ्यावरून झालेला. त्यातल्या 'च'चा 'त' कसा झाला, यावर पंडितांचंही एकमत नाही. मात्र खुद्द कोळ्याच्या नावात 'वाकडा' अशा अर्थाचा एक तुकडा दडला होता, बहुधा आपल्या अंकुशाचा दूरचा नातेवाईक. वाकड्या पायांचा म्हणून पाऊक. नीता गॅसवरची आमटी विसरून वाचत बसली.

"अगं, कुणाला कळणार आहे?" रात्री तिनं सांगितल्यावर संजीव म्हणाला. "तंतूच सांग. इम्प्रेशन पडेल."

वर्गात संचालिका सलमा आणि सात-आठ नोकरदार माणसं होती. त्यांतले निवृत्तीला टेकलेले देवीदास मराठी निघाले. मध्येच म्हणाले, "मॅडम, यातलं तीना म्हणजे आपला तंतूच की."

त्यांनी ते बाकीच्यांना इंग्रजीतही सांगितलं, तसे सगळे कौतुकानं बघू लागले. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही हो," नीता म्हणाली. "कालपर्यंत मीही तेच समजत होते." मग सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली, "जुना शब्द पाउचीना. त्यात हा त कुठून आला, मला माहीत नाही." शिकवणाऱ्यानं असं म्हणायचं नसतं, हेच ती शिकत आली होती.

पण पुढे तिनं पाऊक आणि अंकुशाचं नातं सांगितलं, आणि प्रश्न थांबेनात. देवीदासांना अंकुशाचं नातं पुन्हा ऐकायचं होतं, मागच्या बाईला 'च'चं पुढे काय झालं ते हवं होतं. वीस मिनिटांची चाळीस झाली. शेवटी सलमानं घड्याळ दाखवलं.

"खलास. उरलेलं रविवारी विचारा. याच शिकवणार आहेत."