स्पेसर आणि मागची सीट

माझ्या धाकट्या भावाने गाडीला स्पेसर बसवायचं ठरवलं तेव्हा मी सरळ विचारलं, "अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" स्पेसर म्हणजे चाक आणि त्यामागचा हब यांच्यामध्ये बसवायची धातूची चकती, जाड भाकरीएवढी. ती लावली की चाकं बोटभर बाहेर येतात आणि गाडी छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसते. बस्स, एवढंच! तोटे तर बसवणाऱ्यानेच सांगितले. बेअरिंगवर ताण येतो, नट ढिले तर झाले नाहीत ना हे अधूनमधून बघावं लागतं, आणि मागे माणसं बसून गाडी दबली की टायर वरच्या पत्र्याला घासू शकतो.

"पीछे बैठता ही कौन है, भैया?" भाऊ त्या बसवणाऱ्याला हसत म्हणाला. मी शेजारीच उभी होते. मला मात्र हसू आलं नाही.

कारण ते खरंच होतं. तो वर्ध्याहून दिल्लीला आला तो कलेक्टर व्हायला. मी इथे सरकारी नोकरीत, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये, म्हणून त्याची राहायची सोय होती. परीक्षेचे सगळे प्रयत्न संपले, यादीत नाव काही आलं नाही. मग त्याने गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरी धरली आणि तिकडेच एका उंच इमारतीत एकटा राहायला गेला. बाबा शाळामास्तर. मुलगा साहेब होणार, हे त्यांनी अख्ख्या कॉलनीला सांगून ठेवलेलं. त्याने ही नोकरी धरल्यापासून ते त्याच्याशी बोलेनासे झाले. भांडण नाही, तंटा नाही. फोन उचलायचे आणि म्हणायचे, "घे, आईशी बोल." माझा राग कसा, सगळा जिभेवर. दोन शब्द सुनावले की मी मोकळी. बाबांचं तसं नाही.

आणि आता आई-बाबा दिल्लीला येणार होते. "ताई, तू कॅब बोलावू नकोस हं. मी नेणार त्यांना," भाऊ म्हणाला. गाडी सेकंडहँडच, पण त्याने ती धुतली, पॉलिश केली, आणि वर हे स्पेसर. बाबांनी त्या गाडीकडे बघून एक चांगला शब्द बोलावा, एवढंच त्याला हवं होतं. तो तसं म्हणाला नाही, पण मला काय कळत नाही होय?

स्टेशनबाहेर बाबांनी गाडीकडे एकदा पाहिलं, मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले.

"बाबा, पुढे बसा ना," मी म्हटलं.

"मागेच बरं आहे."

कॅबमध्ये बसावं तसे बसले. त्यांच्या शेजारी आई, आणि आईच्या पिशव्या: ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, वर्षभराचं तिखट. जणू दिल्लीत आम्ही उपाशीच मरत होतो! डिकीही भरली. मी पुढे भावाच्या शेजारी बसले. पहिलाच स्पीडब्रेकर आला आणि मागून आवाज आला, घर्रर्र.

"कायचा आवाज येऊन राहिला रे?" आईने विचारलं.

"काही नाही गं, रस्ता खराब आहे," भाऊ म्हणाला. रस्ता चांगला गुळगुळीत होता. पुढच्या खड्ड्यात पुन्हा घर्रर्र, आणि मग जळक्या रबराचा वास. त्याचे कान लाल झाले. शेवटी त्याने गाडी कडेला घेतली, उतरून वाकून पाहिलं. टायरची कड पत्र्याला घासून सोलवटली होती.

बाबाही उतरले. त्यांनी टायर पाहिला, पिठाची पिशवी उचलली आणि ऑटोला हात केला. "मी यातून येतो. तेवढंच वजन कमी." रागाने नाही म्हणाले हो! ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढचा स्पीडब्रेकर भावाने अगदी हळू पार केला. आवाज आला नाही.

"बघ ताई," तो म्हणाला, "बाबा उतरले आणि गाडी ठीक झाली."

मला रडूच आलं. दोघांचाही इतका राग आला की दोघांना समोरासमोर बसवून फटकावून काढावं असं वाटलं. आई मागे बसून डोळ्यांना पदर लावत होती.

घरी तो जेवलाही नाही. "आलोच," म्हणून गेला तो संध्याकाळीच परतला, हात काळे करून. गाडीची चाकं पुन्हा आत, जशीच्या तशी. चार स्पेसर एका पोत्यात गुंडाळून त्याने माझ्या बाल्कनीत ठेवले. "तरी मी सांगत होते," हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याचं तोंड बघून गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं गुरुग्रामचं घर बघायला निघायचं होतं. बाबा आधीच खाली उतरले होते. आम्ही पोचलो तेव्हा ते मागच्या चाकापाशी वाकून उभे होते.

"काढले का ते?"

"हो," भाऊ म्हणाला.

"काल गाडी मस्त दिसून राहिली होती. तुमच्या मागंच होता ना माझा ऑटो. मी रस्ताभर बघत होतो."

भाऊ किल्लीच्या टोकाने बोटांवरचं काळं खरवडू लागला.

"आम्ही गेलो की लाव परत," बाबा म्हणाले. "मग मागे कोण बसणार आहे?"

"नाही लावणार," भाऊ म्हणाला. "तुम्ही परत याल ना."

बाबांनी आईला आणि मला मागे बसवलं, आमचं दार नीट लावून घेतलं. मग वळसा घालून गेले आणि पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी बसले.

"चल," ते म्हणाले. "दाखव तुझं घर."