राणीचं नाव कचरा

आमच्या गावचा नाटककार दौलत गेल्याचं कळलं तेव्हा मी गोंदियाला मुलाकडे होतो. पुढे गावातल्या शोकसभेत एक वक्ते म्हणाले, "दौलतभाऊंच्या नायिकांची नावं किती गोड... मालती, कुसुम, सुवर्णलता." मी खाली बघत राहिलो. यातलं शेवटचं नाव त्यानं ठेवलेलं नाहीच, मी ठेवलेलं आहे. आणि बाकीची त्यानं घेतली तीही माझ्यामुळे.

स्वातंत्र्यानंतरची ती पाच-सहा वर्षं. कामठ्याकडच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरे आणि मंडईला नाटक हवंच. दौलत लिही, बायकांची कामं मी करी. पात्राचं नाव ठरवण्याआधी तो तलावाच्या पाळीवर उभा राहून त्या नावानं हाक मारून बघायचा. "मायनं जेवाले बलावलं असं वाटलं पाह्यजे गा," म्हणायचा. त्या वर्षी त्यानं राणीचं नाव ठेवलं कचरा. ते त्याच्या धाकट्या बहिणीचं नाव. आधीची दोन मुलं दगावली, म्हणून काळाची नजर लागू नये यासाठी तिला जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललं होतं. राजा नाव विचारतो तेव्हा राणी आपल्या नावाची कथा सांगते, असं लहानसं भाषण दौलतनं लिहिलं होतं. घरी बहिणीला सांगूनही ठेवलं होतं.

नाटकाच्या रात्री ती मैत्रिणींना घेऊन पुढे येऊन बसली. शेजारी गोंदियाचे व्यापारी. लुगडं नेसून उभा असलेला मी आधीच घाबरलेला... राजानं नाव विचारलं आणि माझा धीर सुटला. "मी सुवर्णलता, महाराज." भाषण राहूनच गेलं. टाळ्या मात्र पडल्या.

"नाव काऊन बदललं?" दौलतनं पडद्यामागे विचारलं.

"लोक हसले असते गा."

"हसू द्याचं होतं. भाषण आयकून चूप झाले असते."

कचराला वाटलं, ऐनवेळी भावालाच आपल्या नावाची लाज वाटली. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं नाही, कारण मी त्यांच्याच घरी दोन वेळा जेवत होतो; ते तुटलं असतं. ती लग्न होऊन तिरोड्याला गेली. भाऊबीजेला येई, पण मंडईच्या आधी परत जाई. दौलतनं पुन्हा गावातलं नाव नाटकात घातलं नाही.

दौलतच्या तेरवीला कचराबाई त्याच्या खोलीत एकटीच होती. मी सगळं सांगितलं.

"तो होता तवा काऊन नाही सांगतलं?"

मी दाराजवळ खाली बसलो. तिनं पुढे विचारलं, "मंग राणी काय सांगत होती, माह्या नावाचं?"

नाटकाचे कागद केव्हाच वाळवीनं खाल्ले. मी आठवू लागलो... माझं ते सुवर्णलता अजून हेलासकट पाठ आहे. त्याच्या भाषणातलं एकही वाक्य आठवेना. कचराबाई भावाच्या खाटेवर बसून वाट पाहत होती.