मोठीमायचं ‘ते घर’

विनोदी मालिका न हसता बघणारं माणूस मी एकच पाहिलं, ती आमची मोठीमाय. थोरल्या काकांची, म्हणजे मोठेबाबांची, बायको म्हणून रिठद गावच्या घरात आम्ही सगळी लेकरं तिला मोठीमाय म्हणायचो. शेवटची काही वर्षं ती वाशीमला माझ्याकडे होती. दुपारचं जेवण झालं की भिंतीला पाठ लावून बसायची, पदर डोक्यावर नीट घ्यायची आणि म्हणायची, "ते घर लाव." टीव्हीवर एका मोठ्या कुटुंबाचा गोंधळ सुरू व्हायचा, मागून हशा ऐकू यायचा आणि ही मयताला बसल्यासारखी गंभीर.

मालिका जुनी. माझी मुलं शाळेत होती तेव्हा रविवारी लागायची. तिच्यातली गोष्ट त्याहूनही मागची, सत्तरच्या दशकातल्या एका भरल्या घराची. चार भाऊ, त्यांच्या बायका, लग्नाला आलेली बहीण, लेकरांचा ढीग आणि सगळ्यांची एकच चूल. भाच्याने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि सगळे भाग पुन्हा हाती आले. मी हौसेने लावले. आमचंही घर त्याच वर्षांत तसंच होतं, म्हटलं म्हातारीला करमेल. करमणं हा शब्द किती चुकीचा होता ते मला हळूहळू कळलं.

मालिकेतल्या माणसांची नावं तिने कधी घेतली नाहीत. तिने त्यांना आमच्या घरातली नावं देऊन टाकली होती. थोरला भाऊ दिसला की म्हणायची, "पाह्य, तुहे मोठेबाबा आले. यायची मिशी चिकटवेल हाये, त्यायची खरी होती." बहीण म्हणजे माझी आत्या, कमल. मधला भाऊ म्हणजे माझे बाबा. सगळ्यांच्या नकला करणारा धाकटा भाऊ दिसला, की मात्र ती नाव घ्यायची नाही. पायावरचं लुगडं उगाच सारखं करायची आणि बघत राहायची.

स्वयंपाकघराचा प्रसंग आला की तिची तक्रार ठरलेली. "एवढ्या लोकायचे भांडे कोण घासते व? एकीच्याबी हाताले राख नाही." तिला तो अधिकार होता. आमच्या घरातल्या चुलीपुढे तिची सगळी तरणी वर्षं गेली. ती लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आत माझी आजी गेली. तेव्हा माझी कमल आत्या नुकती बोलायला लागली होती आणि सगळ्यांत धाकटा नामाकाका अंगावर पीत होता. मोठीमायने दोघांना वाढवलं. तिच्या स्वतःच्या मुली पुढे झाल्या, पण नामाकाका तिला वहिनी म्हणण्याऐवजी मायच म्हणायचा आणि कोणी त्याला सुधारलं नाही.

नामाकाका म्हणजे आमच्या घराचं हसू होता. वाशीमच्या कॉलेजात जायला लागल्यावर तर त्याला ऊत आला. शनिवारी घरी आला की सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, त्याचा खेळ सुरू. तलाठी कसा शिंकतो, एसटीचा कंडक्टर कसा ओरडतो, माझे बाबा भाकर मोडताना कसे डोळे मिटतात. मोठीमाय पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहायची आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. तेव्हाची मोठीमाय अशी हसायची हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

मोठेबाबा वेगळे. ते गावातले बौद्धाचार्य. आमच्या समाजातली आसपासची लग्नं तेच लावायचे. पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि आवाज असा की त्रिशरण म्हणायला लागले की रडणारी लेकरंही गप्प व्हायची. घरात त्यांना सगळे भ्यायचे, पण ते वाईट नव्हते. आपल्याला लोक मान देतात, तो आपल्या माणसांनी सांडू नये, एवढंच त्यांना वाटायचं.

कमल आत्याला बघायला केनवडहून पाहुणे आले, ते त्याच वर्षांतलं. हरभरा सोंगून झाला होता. मुलगा शिकलेला, नोकरीला लागलेला. त्याचे वडील साधे, कमी बोलणारे. बैलगाडीवरून पडल्यापासून त्यांचा एक पाय ओढायचा आणि प्रत्येक पावलाला तोंडातून हलकासा ‘हं’ निघायचा. चहा-चिवडा झाला, आत्या येऊन बसून गेली, मुलगी पसंत आहे असं त्यांनी तिथेच सांगितलं. पाहुणे निघाले. मोठेबाबा त्यांना पोचवायला फाट्यापर्यंत गेले. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदातच मोठीमाय नामाकाकाला म्हणाली, "कसे चालत होते रे पाहुणे? करून दाखव न."

त्याने दाखवलं. पाय ओढला, ‘हं’ केलं, गुडघ्यावर हात ठेवून बसला, पुन्हा उठला. आम्ही सगळे लोळत होतो. त्याची पाठ दाराकडे होती. आधी माझे बाबा हसायचे थांबले, मग माझी आई, मग मोठीमाय. त्याला वाटलं, नक्कल जमली नाही. म्हणून त्याने ती पुन्हा केली, आणखी रंगवून.

दारात तेच पाहुणे, मुलाचे वडील, उभे होते. पानतंबाखूची चंची सपरीत विसरली म्हणून ते फाट्यावरून परत आले होते, आणि त्यांच्या मागे मोठेबाबा होते. पाहुण्यांनी वाकून चंची उचलली. नामाकाकाकडे बघून ते अगदी सावकाश म्हणाले, "बरोबर हाये, बाबू. पण माहा डावा पाय ओढते, उजवा नाही."

ते निघाले. मोठेबाबा त्यांच्यामागे अनवाणी धावले. ज्याच्या पायावर डोकं ठेवायला नवरदेव वाकायचे, तो माणूस भर रस्त्यात एका पाहुण्याचे हात धरून उभा होता, हे गावाने पाहिलं. पाहुण्यांना राग आला नव्हता म्हणे. आमच्याकडे कोणी हसणारं नाही, तुमच्या पोरीला करमणार नाही, एवढं बोलून ते गेले. सोयरीक मोडली.

मोठेबाबा परत आले. त्यांनी नामाकाकाला मारलं. तो उभा राहिला, हातही वर केला नाही. मोठीमाय चुलीपाशी होती. मीच सांगितलं होतं त्याला, हे वाक्य तिच्या तोंडाशी आलं असेल, पण बाहेर पडलं नाही. हा मला घरात दिसता कामा नये, असं बजावून मोठेबाबा मागच्या खोलीत गेले. सकाळी मोठीमायनेच नामाकाकाला भाकर बांधून दिली. चार दिवस वाशीमला मित्राकडे जा, मी त्यांना समजावीन, असं सांगून तिनेच त्याला पाठवलं.

ती राग उतरायची वाट बघत राहिली. मोठेबाबा विषयच काढू देत नव्हते. शेवटी तेच एके दिवशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले की त्याला घेऊन येतो. मोठीमायने त्या दिवशी पुरण घातलं. संध्याकाळच्या एसटीने मोठेबाबा एकटेच उतरले. मित्राने सांगितलं होतं, थोडे दिवस राहिला, मग गाडीत बसून गेला, खंडव्याकडे की पूर्णेकडे ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर तो कधीच दिसला नाही. कुणी सांगायचं अकोल्याला हमालीवर आहे, कुणी सांगायचं खंडव्याला हॉटेलात पाहिला. मोठेबाबा प्रत्येक वेळी गेले आणि प्रत्येक वेळी तसेच परत आले. त्यांनी लग्नं लावणं सोडलं. बोलावणं आलं की म्हणायचे, माझा आवाज बसला. कमल आत्याला पुढे शेलूबाजारच्या एका बिजवराला दिलं. तिच्या लग्नात मंगलगाथा म्हणायलाही मोठेबाबांनी दुसऱ्यालाच उभं केलं. घरात कोणी मोठ्याने बोलेना. भांडण झालं नाही, वाटणीवरून कुणी हमरीतुमरीवर आलं नाही, पण एका उन्हाळ्यात एका जावेने वेगळी चूल मांडली, दुसऱ्या उन्हाळ्यात दुसरीने. हसू गेलेल्या घरात एकत्र बसून जेवणं सगळ्यांनाच जड झालं होतं.

मोठेबाबा गेल्यावर मुलींनी मोठीमायला पुण्याला नेण्याचा फार प्रयत्न केला. ती गेली नाही. कारण एकदाच सांगितलं, "पोट्टा आला त मले पुण्यात कुठी पाहील?" मग मीच तिला वाशीमला आणलं. वाशीमचं स्टेशन त्याला माहीत होतं, म्हणून ती आली.

मालिकेत एक भाग होता. धाकटा भाऊ सगळ्या घरासमोर थोरल्याची नक्कल करतो आणि थोरला दारात येऊन उभा राहतो. घर चिडीचूप होतं. थोरला कपाळाला आठ्या घालून बघतो, बघतो, आणि एकाएकी पोट धरून हसायला लागतो. हा भाग ती पुन्हा पुन्हा लावायला सांगायची. एरवी भिंतीला टेकलेली मोठीमाय तेव्हा पुढे सरकायची. तो हसायला लागला की म्हणायची, "थांबव." पडद्यावर त्या माणसाचं उघडं तोंड स्थिर व्हायचं आणि ती त्याच्याकडे बघत बसायची, चहा निवून जाईपर्यंत. मला ते बघवायचं नाही. एकदा मी दुसराच भाग लावला, तर ती उठून आत जाऊन पडली.

एका दुपारी तसंच चित्र थांबवलेलं असताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले कोणी काहीच म्हटलं नाही, पोरी. तुह्या मोठ्याबानं नाही, कमलनं नाही, त्या पोट्ट्यानंबी जातानी नाही."

मी म्हटलं, मोठीमाय, तुझा काय दोष त्यात. ती पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. "तू नको म्हणू. तुहं काय गेलं त्यात? ज्यायचं गेलं त्यायनं म्हणाव." त्यानंतर मी तिची समजूत काढायचं सोडलं. एखाद्याला कुणी शिक्षाच केली नाही, तर तो सुटणार तरी कसा?

ज्यांचं गेलं त्यांपैकी एकटी कमल आत्या हाताशी होती. डोळ्याच्या ऑपरेशनला ती वाशीमला आली आणि दोन दिवस माझ्याकडे राहिली. मोठीमायने तिच्यासाठी स्वतः उठून बेसन केलं. दोघी शेजारी बसल्या. तुरीला यंदा फूल कसं आहे, कोणाच्या सुनेला काय झालं, हे सगळं बोलल्या. टीव्हीवर त्या घराचा तोच नकलेचा भाग चालू होता. आत्याच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्याने धड दिसत नव्हतं, ती नुसती आवाज ऐकत होती. मी मुद्दाम भाजी आणायला बाहेर पडले, म्हटलं आपण नसलो तर बोलतील. परत आले तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या आणि गोष्ट अजून तुरीचीच चालली होती.

मोठीमाय त्याच हिवाळ्यात गेली. आजारपण असं फारसं नव्हतं, जेवण तुटलं आणि ती विझत गेली. शेवटच्या आठवड्यात तिने टीव्ही लावायला सांगितलं नाही. मी विचारलं, ते घर लावू का. तिने मान हलवली. "राहू दे. त्यायचं बरं चाललं हाये."

तिच्या मागच्या विधीला, पुण्यानुमोदनाला, रिठदला सगळे आले. इतकी माणसं त्या सपरीत कित्येक वर्षांत बसली नव्हती. वंदना झाली, दोघा-तिघांनी भाषणं केली, मोठीमायने घर कसं सांभाळलं ते सांगितलं. जेवणं उरकल्यावर मी कमल आत्याला पोचवायला फाट्यापर्यंत गेले. जीप यायची होती. मला राहवलं नाही. मोठीमाय शेवटपर्यंत काय घेऊन बसली होती ते, टीव्हीवरच्या त्या भागासकट, मी तिला सांगितलं.

आत्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मी दाराच्या फटीतून पाहून राहिली होती. साऱ्यायच्यापेक्षा जास्त मीच हासली. मले तो पोरगा आवडलाच नव्हता, शोभा. सोयरीक मोडली तवा मले सुटल्यासारखं झालं."

मी विचारलं, मग हे तिला सांगितलं का नाही.

"तिनं कधी इचारलंच नाही," आत्या म्हणाली. "नामा गेला, तुह्या मोठ्याबाचा आवाज गेला, अन् मी काय म्हणू, का मी खुश हाये? नंतर मले वाटे, तिले ठाऊकच असन. तिनं वाढवेल हाये मले."

जीप आली. शेलूबाजारचं सामान वर बांधलेलं होतं, आत जागा थोडीच होती. आत्या चढता चढता थांबली. तिने विचारलं की मोठीमाय टीव्हीवर सारखी बघायची त्या गोष्टीत, तो भाऊ दारात येतो तेव्हा पुढे काय होतं. तिने तर नुसता हशा ऐकला होता.

"काही नाही," मी म्हटलं. "थोरलाही हसतो आणि सगळे जेवायला बसतात."